‘त्यांचा स्वभावच तसा आहे’

गेल्या अंकात ऑफिसातल्या छळाबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी ती किराणा दुकानाच्या पिशवीत भरून पाठवली. वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटत राहिलं: ‘त्यांचा स्वभावच तसा आहे.’ कुणी साहेबाबद्दल लिहिलंय, कुणी हेडबाईंबद्दल, कुणी शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल. छळ सोसणारेही हेच म्हणतात, बघणारेही हेच. एका गृहस्थाने तर स्वतःबद्दल लिहिलंय, त्यांचं पत्र शेवटी घेते.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी 26 वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात कामगार कल्याण अधिकारी होते. 500 किंवा त्याहून जास्त कामगार असले की तेव्हाच्या 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागायचा. नेमावाच लागतो म्हणून नेमलेल्या माणसाला जेवढा मान मिळतो, तेवढा मलाही मिळाला. पत्रं थोडक्यात दिली आहेत, आणि त्यांतली ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

ताई, मी एका पतसंस्थेच्या शाखेत 11 वर्षं लेखनिक आहे. दीड वर्षापूर्वी नवीन शाखाधिकारी आले. महिन्याभरात त्यांनी माझ्याकडचं कर्जखात्यांचं काम काढून घेतलं आणि दाराजवळच्या टेबलावर पिग्मीच्या पावत्या लावायला बसवलं. संगणकावरचा माझा पासवर्ड बंद केला, आणि संचालक आले की त्यांच्यासमोर म्हणतात, ‘मॅडमना सॉफ्टवेअर जमत नाही.’ शुक्रवारच्या मीटिंगची वेळ मला कुणी सांगत नाही, शनिवारी मात्र ‘काल कुठे होता?’ म्हणून विचारतात. आवाज कधी चढवत नाहीत. सगळं हसत हसत. आमच्याकडे शिपाई 11 वाजता चहा आणतो. आम्ही सहा जण. गेले तीन महिने पाचच कप येतात. शिपायाला विचारलं तर तो मान खाली घालतो. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले, ‘चहासाठी काय रडतेस, थर्मास नेत जा.’ मी खरंच फार हळवी झालेय का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

बाई, तुमच्या पत्रातल्या पासवर्डपेक्षा मी त्या सहाव्या कपापाशी जास्त वेळ थांबले.

कप आपोआप कमी होत नाही. कुणीतरी शिपायाला बाजूला घेऊन सांगितलेलं असणार की पाच आण. तो रोज 11 वाजता तुमच्या टेबलावरून पुढे जातो तेव्हा बाकीचे चार जण बघत असतात, आणि साहेबाशी वाकडं घेतलं तर काय होतं याचा धडा त्यांना रोज फुकटात मिळतो. शिवाय त्या कपाची तक्रार करता येत नाही. ‘मला चहा देत नाहीत’ असं चेअरमनना लिहून दिलं तर हसं तुमचंच होईल. म्हणूनच चहा निवडलाय. मारलेलं दिसतं, शिवी ऐकू येते. न आलेला कप दाखवायचा कसा?

हाइन्झ लेमान नावाचा मूळ जर्मन मानसशास्त्रज्ञ स्वीडनमध्ये काम करत असे. कामाच्या जागी एखाद्याला घेरून नकोसं कसं केलं जातं, याचा त्याने 1980 च्या दशकात कसून अभ्यास केला. त्याला त्याने ‘मॉबिंग’ हा जो शब्द वापरला तो मुळात पक्ष्यांसाठी होता. छोटे पक्षी एकत्र येऊन मोठ्या पक्ष्याला हुसकतात, त्याला कोनराड लॉरेन्झ हा प्राणिशास्त्रज्ञ तो शब्द वापरायचा. दिवसा चुकून बाहेर पडलेल्या घुबडामागे कावळे लागलेले तुम्ही पाहिले असतील, तसंच. लेमानने अशा 45 वागण्यांची यादी केली. त्यात आरडाओरडा आहेच, पण बोलणं बंद करणं, वेगळं बसवणं, काम काढून घेणं किंवा बिनकामाचं काम देणं हेही आहे. तुमचं पत्र त्या यादीशेजारी ठेवलं तर बऱ्याच ओळींवर खूण करता येईल. त्याची मोजपट्टी साधी होती: असं काही आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चाललंय का? तुमचं दीड वर्ष झालं. स्वीडनने 1993 मध्ये कामावरच्या अशा छळाविरुद्ध वेगळे नियमच काढले. म्हणजे जे तुम्हाला स्वतःचं हळवेपण वाटतंय त्यावर एका देशाने नियम केले.

आता स्वभावाबद्दल. तुमच्या शाखाधिकाऱ्यांचा स्वभाव चेअरमनसमोर कसा असतो? मुख्य कचेरीतून तपासनीस आला की त्याचा चहा विसरतात का? माझ्या अख्ख्या नोकरीत एकही छळणारा साहेब असा भेटला नाही, ज्याचा ‘स्वभाव’ त्याच्याहून वरच्या माणसापुढे बाहेर पडला. कुणापुढे आवरायचं हे बरोब्बर कळतं, तर त्याला स्वभाव कसं म्हणायचं?

एक वही घ्या. ऑफिसची नको, घरची, शिवलेली, पानं सुटी न होणारी. त्यात ‘आज पुन्हा अपमान केला, खूप वाईट वाटलं’ असं लिहू नका. वाईट वाटलंच असेल, पण त्या ओळीचा पुढे कुणाला उपयोग नाही. असं लिहा: ‘सोमवार, दु. 12.40. संचालक दोघे हजर. शाखाधिकारी म्हणाले, मॅडमना सॉफ्टवेअर जमत नाही. माझा पासवर्ड 14 तारखेपासून बंद आहे. रोखपाल समोर बसले होते.’ तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. त्याच दिवशी, त्याच रात्री. महिन्याने आठवून लिहिलेली वही वाचणाऱ्याला लगेच कळते. सगळी पानं एकाच पेनाची, एकाच दमातली दिसतात. मी अशा दोन वह्या पकडल्या आहेत.

त्या वहीत रोज एक ओळ कपाचीही असू द्या. ‘चहा 5.’ बस्स. एका ओळीवर कुणीही हसेल. तीन महिन्यांच्या साठ-सत्तर ओळी एका खाली एक दिसल्यावर हसणं जरा अवघड जातं.

दुसरं, तोंडी बोलणं बंद करा. पासवर्डसाठी शाखाधिकाऱ्यांना तीन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेपासून माझा पासवर्ड बंद आहे, त्यामुळे अमुक काम करता येत नाही, तो सुरू करून मिळावा. तक्रारीचा सूर नको, विशेषणं नकोत. दोन प्रती करा. एक आवकला द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन ती घरी आणा. पोच देत नाहीत? मग स्पीड पोस्टाने पाठवा, त्याच शाखेच्या पत्त्यावर. मीटिंगचंही तसंच. दर गुरुवारी एक चिठ्ठी: ‘उद्याच्या बैठकीची वेळ कळावी.’ तीन-चार चिठ्ठ्या झाल्या की ‘काल कुठे होता’ हे विचारणं बंद पडतं, असा माझा अनुभव आहे. बंद नाही पडलं तर त्याच चिठ्ठ्या जोडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लिहा. त्या पत्रात पासवर्ड आणि काम आधी, चहा शेवटी, एका वाक्यात.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. ऑफिसातल्या सर्व प्रकारच्या छळाला पुरेल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. तुकड्यातुकड्यांनी आहे आणि तुमचा प्रकार त्या तुकड्यांच्या फटीतून निसटतो. म्हणूनच कागद महत्त्वाचा.

शिपायावर रागावू नका. पगार बघा त्याचा. आणि मिस्टरांना सांगा, थर्मास नेईन. चहा प्यायलाच हवा. पण कप मोजणार.

मी 24 वर्षांचा आहे, हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. माझा मॅनेजर रोज सकाळच्या कॉलवर सगळ्यांसमोर म्हणतो, ‘याच्यापेक्षा इंटर्न बरा.’ रात्री 11 ला नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवतो. आता मला पीआयपीवर टाकलंय, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखव, असा कागद दिलाय. मित्र म्हणतात कॉर्पोरेटमध्ये असंच असतं. हा छळ आहे की मीच कच्चा आहे?
— एक वाचक, पुणे

बाळा, दोन्ही असू शकतं. कच्च्या माणसालाही छळता येतं.

कडक साहेब मी पुष्कळ पाहिले. काही तर इतके कडक की त्यांची गाडी गेटातून आत आली की सिक्युरिटीवाला टोपी नीट करायचा. पण त्यांचा राग कामावर असायचा. काय चुकलं ते सांगायचे, कसं व्हायला हवं ते सांगायचे आणि काम नीट झालं की विषय संपायचा. संध्याकाळी तोच साहेब विचारायचा, ‘जेवलास का?’ छळणाऱ्याचं उलट असतं. तू काम नीट केलंस की तो आणखी चिडतो, कारण त्याच्या हातातलं निमित्त गेलं. मग तो मागणी बदलतो. तर बघ, गेल्या दोन महिन्यांत त्याने काय हवं ते स्पष्ट सांगितलं, तू ते केलंस आणि तो थांबला, असं एकदा तरी झालंय का? ‘इंटर्न बरा’ हे वाक्य कामाबद्दल काही सांगतच नाही. त्यातून सुधारायचं काय? आणि रात्री 11 चं प्रश्नचिन्ह हा तर प्रश्नसुद्धा नाही.

पीआयपीचा कागद आला असेल तर त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे विचार: हे मोजणार कसं, कोण, कोणत्या तारखेला? हे मेलवर विचार. कॉलवर काही ठरलं की दहा मिनिटांत मेल टाक: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक काम गुरुवारपर्यंत देणार आहे. काही वेगळं समजलो असेन तर कळवा.’ उत्तर नाही आलं तरी चालेल. मेल राहतो.

एक चूक मात्र करू नकोस, ती तुझ्या वयाची पोरं हमखास करतात. कंपनीच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या नाहीत. पुरावा म्हणून पाठवशील आणि ‘गोपनीय माहिती बाहेर नेली’ म्हणून त्याच दिवशी बाहेर जाशील. त्यांना आयतं कोलीत मिळेल. तुझ्या स्वतःच्या फोनवर आलेले व्हॉट्सॲप मेसेज ठेव, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट कर आणि तो फोन विकू नकोस. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात अपुरे पडतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ मेसेज मूळ फोनवर असला की वकिलाचं काम सोपं होतं.

एचआरकडे जाऊ का, असंही तू विचारलंयस. मी त्याच जातीच्या खुर्चीत बसलेली बाई आहे, म्हणून खरं सांगते: एचआर कंपनीचा असतो. तुझ्या अश्रूंपेक्षा तुझ्या जाण्याने होणारा खर्च त्याला लवकर कळतो. त्यामुळे जा, पण लेखी जा आणि ‘या टीममधून वर्षभरात किती जण गेले ते बघा’ एवढं एक वाक्य त्यात घाल.

पीआयपी कधीकधी सुधारण्यासाठी नसतोच. माणसाने आपण होऊन निघून जावं यासाठी असतो. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीला 2000 च्या दशकात 22,000 माणसं कमी करायची होती. तिथे लोकांना इतकं हैराण केलं गेलं की काहींनी जीव दिला. 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखाला छळासाठी दोषी धरलं. कंपनीला दंड झाला 75,000 युरो. एवढ्या मोठ्या कंपनीला तो म्हणजे चहापाण्याचाच खर्च, पण ‘हे धोरण होतं, कुणाचा स्वभाव नव्हता’ हे निकालपत्रात लिहिलं गेलं, त्याला किंमत आहे.

तुला दुसरी नोकरी मिळत असेल तर घे. पळून जाणं वगैरे काही नाही त्यात. फक्त ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस, रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल, म्हणजे पैशांचा शेवटचा हिशेब, हातात घे, आणि राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द लिहू नकोस. कारण लिहायचं नसेल तर काहीच लिहू नको. या दोन शब्दांबद्दल पुढे सांगते.

रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो म्हणतोस, त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. साहेब जातीवरून बोलतात, सगळ्यांदेखत. ‘कोट्यातून आलेल्यांना’ असं सुरू करतात. कामात खोट नाही तरी गोपनीय अहवाल बिघडवतील अशी भीती वाटते.
— एक वाचक

तुम्ही अनुसूचित जातीचे असल्याचं लिहिलंय, त्यामुळे इथे स्वभाव-बिभाव काही नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा जातीवाचक शिवीगाळ करणं हा त्याखाली गुन्हा आहे. नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. सगळं त्या शब्दांवर ठरतं, त्यामुळे पोलिसांकडे जाण्याआधी हे प्रकार हाताळणाऱ्या वकिलाला वही दाखवा. अहवालाचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच देव दत्त खटल्यात सांगितलंय की सरकारी सेवकाच्या वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, त्याला कळवलीच पाहिजे. अजून कळवली नसेल तर माहिती अधिकारात स्वतःच्या अहवालाची प्रत मागा. दहा रुपयांचं काम आहे. मागितल्याचं साहेबांना कळेलच. कळू द्या.

तीन बायकांनी विचारलंय, ‘पॉशखाली तक्रार करता येईल का?’ तिघींनाही एकच उत्तर. 2013 चा तो कायदा लैंगिक छळासाठी आहे. साहेब अंगचटीला येतो, घाणेरडं बोलतो, नकार दिला म्हणून कामात त्रास देतो, तर जरूर करा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पण साहेबीण बाई तुमच्यावर खेकसते, रजा नाकारते, एवढ्यासाठी तो कायदा नाही. ओढूनताणून त्यात बसवू नका, खरी तक्रारही मग हलकी होते.

मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या वॉर्डात नंदुरबारकडची एक नवीन सिस्टर आलीय. इन्चार्ज सिस्टर तिच्या बोलण्याची नक्कल करतात, पाळी बदलताना ओव्हर देतात तेव्हा तिला सगळ्यांसमोर उभं ठेवतात. सलग पाच नाइट झाल्यावर तिचा ऑफ कापून मॉर्निंगला बोलावतात. त्रास तिला आहे, मला नाही. तरी झोप लागत नाही, कारण नक्कल केली की आम्ही सगळ्या हसतो. मीही हसते. बोलले तर पुढचा नंबर माझा.
— एक वाचक, कोल्हापूर

सिस्टर, पिशवीभर पत्रांत ‘मीही हसते’ असं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या. म्हणून आधी माझं ऐका.

1994-95 ची गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही. टूल-रूमला एक स्टोअरकीपर होता, पस्तिशीचा, शांत. वर्क्स मॅनेजरचा त्याच्यावर डोळा होता. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सहा आठवड्यांत त्याला तीन मेमो निघाले. पहिला चार मिनिटं उशिरा आल्याबद्दल. दुसरा एक गेज चुकीच्या खणात ठेवल्याबद्दल. तिसरा: ‘दि. अमुक रोजी आपण वरिष्ठांकडे उद्धट नजरेने पाहिले.’ मॅनेजर सांगत होते, मी टाइप करत होते. कार्बन लावून तीन प्रती. उद्धटचा ट कागदात रुतला होता, तो मला आजही दिसतो. पोचेवर सही करताना त्याने विचारलं, ‘मॅडम, नजर कशी ठेवू?’ कुचेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, ‘सही करा, इथे.’

चार महिन्यांनी तो गेला. नोकरी सोडणाऱ्याचा फॉर्म मीच भरायचे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘वैयक्तिक’. त्याला विचारलंही नाही. कल्याण अधिकारी!

तर सिस्टर, तुम्ही इन्चार्जशी भांडा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? सांगत नाही. पण हसू नका. एवढंच आधी. नक्कल हसणाऱ्यांच्या जिवावर चालते, एक चेहरा गप्प राहिला तरी करणाऱ्याला जाणवतं. ते जमलं की पुढची पायरी: नक्कल सुरू झाली की कामाचं काहीतरी विचारा. ‘सिस्टर, बेड 9 चं सलाईन संपत आलंय, पुढचं लावायचं का?’ इन्चार्जना उत्तर द्यावंच लागेल. कुणाला तोडून बोलल्यासारखंही होणार नाही.

ड्युटी संपल्यावर त्या मुलीला चेंजिंग रूममध्ये गाठा आणि सांगा, ‘मी पाहिलं.’ बाकी काही बोलायची गरज नाही. घेरलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की हे फक्त आपल्यालाच दिसतंय, आपलंच डोकं फिरलंय. दुसऱ्या कुणी पाहिलंय, हे कळलं की पाय टेकतात. ती वही ठेवत असेल तर तुमचं नाव लिहायला तिला परवानगी द्या. हे अवघड आहे, मला माहीत आहे.

आणि रोस्टर. इथे तुमच्या हातात खरा मुद्दा आहे. सलग पाच रात्री जागलेली नर्स सकाळी इंजेक्शनं भरते, याची भीती मेट्रनलाही वाटली पाहिजे. तिघी-चौघींनी मिळून मेट्रनकडे जा. त्या मुलीचं नावही काढू नका, इन्चार्जचंही नाही. म्हणा, ‘नाइटनंतरचा ऑफ सगळ्यांना मिळावा, औषधात चूक होईल.’ गेल्या तीन महिन्यांचं ड्युटी रोस्टर बरोबर न्या, पेशंटच्या नावाचा कुठलाही कागद मात्र नेऊ नका. छळाची तक्रार मेट्रन दाबतील. पेशंटच्या जिवाची तक्रार लेखी आली तर दाबणं त्यांना जड जाईल.

मॅडम, माझं साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसीचं वर्कशॉप आहे, 14 माणसं. तुमच्या मागच्या लेखामुळे बायको म्हणाली, ‘हे तर तुम्हीच.’ माझा स्वभाव तापट आहे, पण मनात काही नसतं. परवा एका कार्ट्याने ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलचं माप, चुकीचा टाकून 40 पीस रिजेक्ट केले, तेव्हा मी रॉड फेकला, पण लागला नाही. आमच्या वेळी फोरमन कानफटात द्यायचा, म्हणून तर शिकलो. आजच्या पोरांना काही बोलायचंच नाही का?
— एक उद्योजक

बोला ना. 40 पीस गेले म्हणजे चांगलंच बोला. पण ‘लागला नाही’ हे तुम्ही असं लिहिलंय, जणू नेम चुकवण्याचं श्रेय तुमचं आहे.

पत्र पाठवलंत आणि बायकोचं वाक्य गाळलं नाहीत, यासाठी तुम्हाला मानते. छळणारे सहसा मला पत्र लिहीत नाहीत.

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. कानफटाचं पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की तोच फोरमन पाळी सुटल्यावर तासभर थांबायचा आणि तुमच्या हातावर हात ठेवून टूल ग्राइंड करायला शिकवायचा. मग लेथ तुम्ही नेमके कशामुळे शिकलात? कानफटात मारायला दोन सेकंद लागतात. हातावर हात ठेवायला तास जातो. तुम्ही त्या फोरमनकडून फक्त स्वस्तातलं तेवढं उचललंत.

तापट स्वभावाचं म्हणाल, तर तुमचं काम ज्या मोठ्या कंपनीतून येतं, तिथला क्वालिटीवाला लॉट परत पाठवतो तेव्हा कधी रॉड फेकलात का? नाही ना. तिथे ‘हो सर, उद्या करून देतो’ म्हणता. म्हणजे आवरता येतं.

40 पीस जाईपर्यंत कुणाला कळलं नाही, हे मला रॉडपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ऑफसेट बदलल्यावर पहिला पीस मायक्रोमीटरने तपासून मगच पुढचं चालवायचं, ही पद्धत तुमच्याकडे नसेल तर चूक त्या पोराची कमी आणि तुमची जास्त. आणि असली तरी, दुसऱ्या-तिसऱ्या पीसला त्याला शंका आलीच असेल. तुमच्याकडे येऊन ‘साहेब, काहीतरी चुकतंय’ म्हणायची त्याची छाती झाली नाही. उरलेले पीस त्या भीतीने घालवले.

जाता जाता, 14 माणसं आहेत म्हणता. वरचं पॉशचं उत्तर तुम्हीही वाचा. पॅकिंगला बायका असतीलच.

आणि एक. चार पानांत तुम्ही त्या मुलाला पाच वेळा ‘कार्टं’ म्हटलंय आणि एकदा ‘तो लाल शर्टवाला’. नाव एकदाही नाही. हजेरीपटावर असेल. सोमवारी बघून घ्या, मग त्याच्या मशीनपाशी जाऊन, नावाने हाक मारून, ऑफसेट कसा टाकला ते त्यालाच दाखवायला सांगा. काय झालं ते मला कळवा.